बारबेक्यू कॉम्पिटिशननंतर उरलेल्या चिकन-मटणाचं काय करायचं (आमच्या सोलापूरच्या अनुभवावरून)

हुरड्याचा सीझन आला की दरवर्षी दोन-चार जण तरी विचारायलेत की बारबेक्यू कॉम्पिटिशन ठेवायची आहे, कोळसा कुठला घ्यायचा, जज किती पाहिजेत, बक्षीस काय ठेवायचं. उरलेल्या खाण्याचं काय करणार हे मात्र कुणी विचारत नाही आणि खरं सांगतो, सगळ्यात जास्त डोकं तिथंच लावावं लागतंय. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

आमचा ग्रुप बाळे गावाच्या पुढं एका मित्राच्या शेतात डिसेंबरमध्ये ही कॉम्पिटिशन घेतो. पहिल्या वर्षी १० टीम होत्या, प्रत्येकानं ३-३ किलो माल मॅरिनेट करून आणला, वरनं पनीर, कणसं, बटाटे वेगळे. जजनी चव घेतली, घरच्यांनी खाल्लं, तरी रात्री साडेअकराला दोन मोठी पातेली भरून चिकन शिल्लक. आम्ही काय केलं, गरम गरम पातेल्यावर झाकण लावलं, गाडीच्या डिकीत टाकलं आणि सकाळी वाटू म्हणून झोपलो. सकाळी झाकण काढलं तर आंबूस वास. सगळं खड्डा काढून पुरलं, शेजारच्या वस्तीवरची माणसं बघत होती आणि आम्हाला मान वर करवत नव्हती. त्या दिवसापासून मी हे शिकत आलोय.

आधी तीन शब्द डोक्यात पक्के करा, उरलेलं, उष्टं आणि शिळं. आपल्या आज्ज्या हे बरोबर वेगळे ठेवायच्या, आपण सगळ्याला मिळून लेफ्टओव्हर म्हणायला लागलो आणि घोळ झाला. उरलेलं म्हणजे ज्याला कुणाचं बोट, दात, चमचा लागलेला नाही आणि जे अजून गरम आहे किंवा नीट थंड केलंय. ते वाटता येतंय. उष्टं म्हणजे जजच्या ताटातलं, कुणीतरी तोडून ठेवलेलं, ते फार तर ज्याचं त्यानं घरी न्यावं, दुसऱ्याला द्यायचं नाही. आणि शिळं म्हणजे जे तासन् तास तसंच उघड्यावर पडलंय, ते कितीही चांगलं दिसू दे, कुणालाच द्यायचं नाही.

तिकडं अमेरिकेत ही कॉम्पिटिशन म्हणजे मोठा कारभार आहे. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी म्हणून संस्था आहे, त्यांच्या नियमाच्या स्पर्धेत चार मुख्य प्रकार असतात, चिकन, पोर्क रिब्स, पोर्कचा खांदा आणि ब्रिस्केट म्हणजे बीफचा छातीकडचा भाग. एका टेबलावर ६ जज, म्हणून प्रत्येक टीमनं डब्यात कमीत कमी ६ जणांना पुरेल एवढं द्यायचं. आता बघा, ब्रिस्केटचा अख्खा तुकडाच ५-७ किलोचा असतो, बऱ्याच टीम असले दोन दोन रात्रभर धुरावर ठेवतात आणि त्यातले सगळ्यात देखणे सहा-आठ काप डब्यात जातात. बाकी सगळं शिल्लकच. जजसमोर पण एका प्रकाराचे साधारण ६ नमुने येतात, चार प्रकारांचे मिळून २४, सगळं संपवलं तर माणूस आडवा होईल, म्हणून ते एक-दोन घास खातात, बाकी पिशवीत भरून घरनं आणलेल्या आईसबॉक्समध्ये ठेवतात. टीमकडं उरलेलं मित्र, शेजारी, घरचा फ्रीझर आणि काही ठिकाणी गरजूंच्या संस्थांकडं जातंय. कुणालाही बोलवून वाटता येतं असं नाही, बऱ्याच ठिकाणी आरोग्य खात्याच्या परवान्याशिवाय टीमला पब्लिकला खायला देता येत नाही.

ह्याच कॉम्पिटिशनवाल्या लोकांनी २०११ च्या मे मध्ये मिझुरीतल्या जॉप्लिन गावात टॉर्नेडो आला तेव्हा आपले स्मोकर म्हणजे धुरावर मांस शिजवायच्या भट्ट्या घेऊन तिथं जाऊन हजारो लोकांना जेवू घातलं, त्यातनंच ऑपरेशन बीबीक्यू रिलीफ ही संस्था उभी राहिली. ते उरलेलं नव्हतं, ताजं शिजवलेलं होतं. पण मला त्यातली एक गोष्ट फार पटते, की शंभर माणसाचं मटण एका वेळी शिजवून गरम ठेवायचं आणि वेळेत पोचवायचं हे कॉम्पिटिशनवाल्याला आधीच जमत असतंय, फक्त ते उरलेल्याच्या बाबतीत पण करायचं.

तर आता कामाचं. सगळ्यात पहिलं, कोळसा पेटवायच्या आधी ठरवा. टीमला सांगा की २ किलोच्या वर माल आणायचा नाही. जजला ६ तुकडे लागतात, घरच्या पाच-सहा जणांना दीड किलो बास झालं. आम्ही दुसऱ्या वर्षी ही लिमिट लावली तर दोन टीम नाराज झाल्या, की आमची हौस मारली म्हणून. होऊ द्या नाराज.

दुसरं, वेळ. रात्री नऊला निकाल लावला तर वाटप साडेदहा-अकराला जातंय आणि तेव्हा ज्याला द्यायचं तो माणूस झोपलेला असतो. आम्ही आता दुपारी ३ ला भट्ट्या पेटवतो, साडेपाचला जजिंग, सव्वासहाला गाडी निघते. बक्षीस समारंभ नंतर निवांत करा.

तिसरं, वार बघा. हे बाहेरच्याला कळणार नाही पण आपल्याकडं सोमवार सिद्धेश्वराचा, गुरुवार स्वामींचा, शनिवार मारुतीचा, चतुर्थी, एकादशी, आणि डिसेंबर म्हणजे बऱ्याचदा मार्गशीर्ष चालू असतो, घरात घट मांडलेला असतो. ज्याला तुम्ही मटण द्यायला गेलात त्यानं हात मागं घेतला तर चूक त्याची नाही, तुम्ही विचारलं नाही ही चूक आहे. आम्ही रविवारच धरतो.

आणि खाटकाकडनं माल घेतानाच विचारून ठेवा, हलाल आहे का नाही. एकदा हॉस्पिटलच्या बाहेर पेशंटच्या नातेवाइकांना पाकिटं देत होतो, एका म्हाताऱ्या चाचांनी शांतपणे विचारलं, "बेटा, हलाल है क्या?" आणि दहा टीमचा माल, कुणी कुठनं आणला कुणालाच माहीत नाही. त्यांनी पाकीट परत दिलं, त्यांच्या मांडीवर नातू होता, त्याला बिस्किटाचा पुडा फोडून दिला. माझ्या डोळ्यासमोरनं ते जात नाही. तेव्हापासून सगळ्या टीमना माल एकाच ठिकाणाहून, हलालच. आणि पाकिटावर लिहायचंच, काय आहे, शाकाहारी का मांसाहारी, कधी शिजवलं, कधीपर्यंत खायचं. एफएसएसएआयनं, म्हणजे आपल्या देशाच्या अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेनं, २०१९ मध्ये उरलेलं अन्न गोळा करून वाटणाऱ्यांसाठी नियमच काढलेत, त्यामुळं शक्य असेल तर असं काम नेहमी करणाऱ्या, रजिस्ट्रेशन असलेल्या संस्थेशी आधी बोलून घ्या.

पनीर, कणीस, वांगी, बटाटा यांची शिगडी वेगळी, चिमटा वेगळा, ब्रश वेगळा. शेवटी शेवटी घाईत लोक तोच चिमटा फिरवतात, मग ते शाकाहारी म्हणून कुणाला देता येत नाही, खोटं बोलून तर अजिबात नाही.

आता टेंपरेचरचं, इथं जरा नीट वाचा. ५ ते ६० डिग्रीच्या मधे अन्न असलं की त्यात जंतू झपाट्यानं वाढतात. सरळ हिशोब असा की शिजवलेलं मांस एकतर ६० च्या वर गरम ठेवा, नाहीतर ५ च्या खाली थंड. मधल्या पट्ट्यात जास्तीत जास्त २ तास, आणि हवा ३२ डिग्रीच्या वर असेल तर १ तासच. म्हणजे आपल्या सोलापुरात फेब्रुवारी-मार्चपासूनच हा १ तास धरायचा, एप्रिल-मे मध्ये ४२-४३ च्या उन्हात तर मी म्हणतो कॉम्पिटिशन ठेवूच नका.

"परत उकळलं की सगळं मरतंय" असं प्रत्येक ग्रुपमधला एक तरी जण म्हणतोच. जंतू मरतात पण काही जंतूंनी, उदाहरणार्थ स्टॅफिलोकॉकसनं, आधीच सोडलेलं विष उकळून पण जात नाही. भाताचं पण तसंच, बिर्याणी किंवा जिरा राईस बाहेर राहिला की त्यात बॅसिलस सिरियस वाढतो आणि ढाळ-उलट्या होतात. म्हणून आम्ही उरलेला भात वाटतच नाही, भाकरी देतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर द्या, दोन्हीला काही होत नाही आणि पोट पण भरतंय.

गरम ठेवायला महागडं काही लागत नाही. मोठा आईसबॉक्स घ्या, त्यात उकळतं पाणी भरून अर्धा तास झाकून ठेवा, मग पाणी ओता, चिकन-मटण भट्टीवरनं काढल्या काढल्या स्टीलच्या डब्यात दाबून भरा, वर फॉइल, आणि डब्याभोवती जाड सोलापुरी टॉवेल घट्ट गुंडाळा. आपल्या गावात टॉवेलला काय तोटा. डबा भरलेला असेल तर दोन-तीन तास आरामात गरम राहतंय, अर्धा रिकामा असेल तर लवकर गार होतंय. प्रोबचं (सुई आत खुपसून मोजायचं) थर्मामीटर एक घेऊनच ठेवा, हात लावून "गरम आहे की" म्हणणं ह्यावर विश्वास ठेवू नका, हाताला ४५ डिग्री पण गरमच लागतंय.

थंड करायचं असेल तर मोठ्या पातेल्यात कधीच नाही. पहिल्या वर्षी आमचं तिथंच चुकलं, झाकलेल्या पातेल्याच्या मधोमध तासन् तास कोमट राहतंय. परातीत, ताटात पसरा, दोन इंचापेक्षा जाड थर नको, आणि परात बर्फावर ठेवा. असं मुद्दाम थंड करताना वरचा २ तासांचा हिशोब नाही, नियम असा आहे की ६० वरनं २१ डिग्रीपर्यंत २ तासात आणि तिथनं ५ पर्यंत पुढच्या ४ तासात यायला पाहिजे. बर्फ कारखान्यातली बर्फाची लादी आणली तर ती भांड्याच्या बाहेरूनच, अन्नाला लावू नका. निळसर बर्फ दिसला तर तो खाण्याचा नाहीच, तेवढ्यासाठीच त्यात रंग घालायचा नियम आहे.

कच्चं मॅरिनेट केलेलं उरलं तर ते वेगळ्या डब्यात, बर्फात, सरळ घरी, दुसऱ्या दिवशी रस्सा करा. ज्यात कच्चं चिकन मुरलं तो मसाला शिजलेल्यावर ब्रशनं लावू नका, खळखळ उकळून घेतल्याशिवाय तर नाहीच, आमच्याकडं सरळ टाकून देतो.

द्यायचं कुणाला? आमच्याकडं त्या दिवसात ऊसतोड चालू असते, जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, उसाच्या फडाजवळ तोडणी मजुरांच्या कोप्या म्हणजे झोपड्या असतात. मुकादमाला आदल्या दिवशी फोन करून विचारा, किती माणसं, किती लेकरं, कोण माळकरी आहे का, चालेल का. ही माणसं पहाटे तीन-चारला उठून कोयता घेऊन जातात, सात-साडेसातला जेवून झोपतात, म्हणून सातच्या आत पोचायचं. तिथं एक वहिनी म्हणाल्या, "दादा, आणायचं असलं तर सांजच्याला सांगून आणा, मग मी सैपाक करत न्हाई." किती बरोबर बोलल्या बघा. न सांगता नेलं तर त्यांनी थापलेल्या भाकरी वाया जातात, म्हणजे आपलं उरलेलं वाचवायला त्यांचं उरवायचं. लेकरांसाठी कमी तिखटाचं वेगळं काढा, आपलं काळं तिखट लहान पोरांना झेपत नाही.

हॉस्पिटलला गेलात तर नातेवाइकांनाच द्या, पेशंटच्या हातात नको, त्याचं पथ्य असतंय. फोटो काढू नका. आमच्यातल्या एकानं वाटपाच्या पहिल्या वर्षी मोबाईल काढला होता, त्याला तिथंच खिशात ठेवायला लावला. पाकीट दोन्ही हातानं द्या, आणि जे तुम्ही स्वतः बसून खाल तेच द्या, जळका, कोरडा, हाडाचा चुरा असलेला तुकडा आधीच बाजूला काढा.

हाडं कुत्र्यांना टाकायची आपली सवय आहे, ती मोडा. शिजलेलं हाड, त्यात चिकनचं तर जास्तच, टोकदार फुटतंय आणि घशात-आतड्यात अडकतंय, आणि मसाल्यातला कांदा-लसूण कुत्र्याला विषारीच. आम्ही मटणाची स्वच्छ, न चावलेली हाडं घरी नेऊन रात्री उकळतो, मस्त धुराचा वास असलेला अळणी म्हणजे हाडांचा पातळ रस निघतो, त्यात दुसऱ्या दिवशी शेंगाकूट घालून रस्सा आणि भाकरीचा काला. चावलेली हाडं शेतात कमरेइतका खड्डा काढून पुरा, उथळ पुरली तर रात्रीत उकरली जातात.

घरी नेलेल्याचं म्हणाल तर फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चालतंय असं सांगतात, लाईट जाण्याचं प्रमाण बघता मी दोन दिवसच धरतो. खाताना वाफ येईपर्यंत, आतनं ७५ डिग्रीपर्यंत गरम करा, आणि जेवढं खायचं तेवढंच काढा, पुन्हा पुन्हा गरम करू नका. चिकन उकलून बारीक करून कांदा-टोमॅटोत परतलं की खिम्यासारखं होतंय, डब्याला एकदम भारी. भाजलेल्या वांग्याचं भरीत करा, कणसाचे दाणे काढून उसळ करा. ह्यावर घरोघरी माझ्यापेक्षा जास्त माहिती असते.

शेवटचं काम सोमवारी सकाळी. दहाच्या सुमारास मुकादमाला फोन लावायचा आणि विचारायचं, कुणाला पोटाचा त्रास झाला का, कुणाला कमी पडलं का. लेबलवरनं कुठल्या टीमचा डबा कुठं गेला हे वहीत लिहिलेलं असतंय, काही झालंच तर लगेच कळतंय आणि दवाखान्यात न्यायला गाडी तयार ठेवता येते. मागच्या वर्षी फोन केला तर म्हणाले, "त्रास काय न्हाई ओ, भाकरी कमी पडल्या." ह्या वर्षी शंभर जास्त सांगितल्यात.