लिनक्सवरचा लॅपटॉप झोपेतून उठत नसेल तर

शिवाजी उद्यमनगरातल्या कार्यालयात झाकण मिटलेला लॅपटॉप राजारामपुरीतल्या घरी पोहोचेपर्यंत पिशवीत तापला असेल, तर दोष बहुधा झोपण्यात (सस्पेंड होण्यात) आहे. झाकण उघडल्यावर पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, तर दोष उठण्यात आहे. हे आधी वेगळे करावे, कारण दोहोंचे उपाय निराळे आहेत.

काळ्या पडद्यासमोर कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. दिवा बदलत असेल, तर कर्नल (लिनक्सचा गाभा) बहुधा जागा आहे आणि पहिला संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर घ्यावा. दिवा ढिम्म असेल, तर सक्तीने बंद करून पुन्हा सुरू करावे आणि 'जर्नलसीटीएल -के -बी -१' (journalctl -k -b -1) या आज्ञेने मागच्या खेपेची कर्नलची नोंद वाचावी. शेवटच्या ओळींत एखाद्या उपकरणाचे नाव अडकलेले दिसले, तर निम्मे काम झालेच म्हणायचे.

त्यानंतर '/सिस/पॉवर/मेम_स्लीप' (/sys/power/mem_sleep) ही फाइल पाहावी. तिच्यात 'एस२आयडल' (s2idle, हलकी झोप) आणि 'डीप' (deep, गाढ झोप) असे दोन्ही पर्याय असतील, तर चौकटी कंसातला पर्याय सध्या लागू असतो. रूटच्या (मुख्य प्रशासकाच्या) अधिकाराने दुसरा पर्याय त्याच फाइलमध्ये लिहून, चालू काम जतन करून, चाचणी घ्यावी. हा बदल पुढच्या रीबूटपर्यंतच टिकतो, म्हणून प्रयोगाला निर्धोक आहे. 'डीप'ने गुण आला, तर कर्नलच्या पॅरामीटरमध्ये (सुरू होताना कर्नलला मिळणाऱ्या सूचनांत) 'मेम_स्लीप_डीफॉल्ट=डीप' (mem_sleep_default=deep) जोडावे. नव्या अनेक लॅपटॉपांत 'डीप' मिळतच नाही. तिथे बायोस (यंत्राची मूळ प्रणाली) अद्ययावत करणे श्रेयस्कर.

आपोआप जाग येत असेल, तर '/प्रॉक/एसीपीआय/वेकअप' (/proc/acpi/wakeup) मधली 'एनेबल्ड' (enabled, म्हणजे लॅपटॉपला जागे करण्याची मुभा असलेली) उपकरणे एकेक करून बंद करावीत. सुरुवात यूएसबीपासून करावी.