इस्रायलमधल्या नातवंडांसोबत मलिदा करताना

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंच्या घरांत मराठी बरेचदा आजीपाशीच थांबते, मलिदा, म्हणजे पोहे-नारळाचा गोड प्रसाद, मात्र नातवंडांपर्यंत पोचतो. अश्दोदला असा की दिमोनाला, गृहप्रवेशाला, लग्नाआधी किंवा नवस फेडताना एलियाहू हानबीच्या (एलिया प्रेषिताच्या) नावानं मलिद्याचं ताट मांडलं जातंच. मराठी शब्द शिकवायचे तर याच ताटापाशी. मुलांना पाहुण्यांसारखं बसवू नका, काम द्या.

पंधरा जणांना अर्धा किलो जाडे पोहे, दोन ओले नारळ, पाव किलो साखर, दहा-बारा वेलच्या आणि बेदाणे, बदाम, पिस्ते मूठमूठभर पुरतात. पोहे चाळणीत दोनदा धुवा, निथळून वीस मिनिटं झाकून ठेवा. पाण्यात बुडवून ठेवले तर लगदा होतो. साखर अगदी शेवटी घाला, कारण तिला पाणी सुटतं आणि मलिदा चिकट होतो. ओला नारळ मिळाला नाही तर गोठवलेलं खोबरं पूर्ण वितळवून घ्या. सुकं असेल तर कोमट पाण्यात भिजवून पिळा. तूप घालू नका. ज्यू नियमात मांसासोबत दूधदुभतं खात नाहीत; दूधतूप नसल्यामुळेच तर मटणाच्या जेवणासोबत मलिदा चालतो.

पोहे फुलेपर्यंतची ती वीस मिनिटं वाया घालवू नका. रायगडचा नकाशा उघडा आणि जुन्या आडनावातलं गाव मुलांनाच शोधू द्या: पेणकरांचं पेण, रोहेकरांचं रोहा, केहिमकरांचं किहीम. आता हिब्रू आडनाव लावत असाल तर आजोबांचं आडनाव आधी सांगा.

जिन्नसांच्या चिठ्ठ्या मुलांना येतात त्या हिब्रू लिपीत लिहा, पण निकुद (स्वर दाखवणाऱ्या खुणा) देऊनच, नाहीतर स्वर हरवतात. ‘खोबरं’मधला ख ‘खेत’ (ח) या अक्षरानं लिहिलात तर मूल तो घशातून घासून काढतं, ‘कोफ’ला (ק) श्वा ही स्वरखूण देऊन पुढे ‘हे’ (ה) लिहा. ‘वेलची’च्या च-साठी ‘त्सादी’ (צ) अक्षराला गेरेश, म्हणजे वर छोटी तिरकी रेघ. ‘नारळ’ आणि ‘बेदाणे’ यांतल्या ळ, ण साठी हिब्रूत अक्षरं नाहीत; लामेद (ल) आणि नून (न) या अक्षरांखाली रेघ मारा आणि उच्चार आजीच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. नुसत्या रेघेनं तो जिभेवर येत नाही.

ताटातल्या फळांवर खाण्याआधी आशीर्वाद म्हणतात, आणि त्यांत खजूर आधी उचलायचा. त्यावर आणि सफरचंदावर ‘बोरे पेरी हाएत्स’ (झाडाच्या फळाचा), केळ्यावर मात्र ‘बोरे पेरी हाअदामा’ (जमिनीच्या फळाचा). मुलं हमखास इथेच चुकतात, म्हणून केळी वेगळ्या ताटलीत ठेवा.