छावणीत मुलांची लांबी मोजायला जाताय? आधी गुडघ्यांकडे बघा

मेळघाट, नंदुरबार, पालघरच्या अंगणवाड्यांबरोबर काम केलेलं कुणी बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांत पोषणाच्या कामावर येतं, तेव्हा सॅम-मॅम (तीव्र आणि मध्यम कुपोषण) आणि दंडघेर पट्टी (दंडाचा घेर मोजायची फीत) त्याला नव्याने शिकवावी लागत नाही. पट्टी तीच, आकडे तेच. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११५ मिलिमीटरच्या खाली असेल तर सॅम, ११५ पासून १२५ च्या आत असेल तर मॅम. अडचण येते ती अंगणवाडीत लागलेल्या सवयीची. तिथे नजर वयानुसार वजनाच्या आलेखावर बसलेली असते आणि जन्मतारीख नोंदवहीत असते. ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत सात लाखांहून जास्त माणसं म्यानमारमधून इथे आली, २०२४ पासून पुन्हा मोठ्या संख्येने कुटुंबं आली. झोपडीत किंवा वाटेत जन्मलेल्या मुलाचं वय आईला 'पावसाच्या आधी', 'ईदनंतर' असं आठवतं. म्हणून इथे दंडघेर आणि पायांवरची सूज यांच्या जोडीला लांबीनुसार वजन बघायचं. त्याला नेमकं वय लागत नाही, पण लांबी अचूक लागते.

नवखे फसतात ते इथेच. वजनकाटा चुकला तर शंका येते. लांबी चुकली तर कुणालाच कळत नाही, कारण आकडा दिसायला अगदी साळसूद असतो.

साधारण ७० ते ७५ सेंटीमीटरच्या मुलांत दर सेंटीमीटरमागे अपेक्षित वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास वाढतं. झेड-स्कोअर म्हणजे तेवढ्याच लांबीच्या निरोगी मुलांच्या मधल्या वजनापासून मूल किती दूर आहे त्याचं माप. उणे दोन आणि उणे तीन झेड-स्कोअरमधलं अंतर तिथे सुमारे सहाशे ग्रॅम. आता एक मुलगा घ्या, खरी लांबी ७२ सेंटीमीटर, वजन ६.८ किलो. हा उणे तीनच्या खाली आहे, म्हणजे सॅम. तो रडतोय, त्याने गुडघे वर घेतलेत, तुम्ही घाईत मोजायच्या पाटाची सरकती फळी टाचांना लावली आणि ७० लिहिलं. ७० सेंटीमीटरला उणे तीनची रेषा ६.६ किलोवर आहे. मुलगा कागदावर मॅम झाला. दंडघेरही ११५ च्या जरा वर असेल, आणि असं पुष्कळदा असतं, तर तो उपचारातून सुटला. वाकलेल्या गुडघ्याने मूल खुजं जास्त दिसतं आणि कृश कमी दिसतं. उलट डोकं वरच्या फळीला टेकलेलं नसेल किंवा पायाची बोटं ताणलेली असतील, तर लांबी जास्त भरते आणि धडधाकट मूल कृश ठरतं. दोन्ही चुका वाईट, पण पहिली जीवघेणी.

म्हणून मोजायला दोघं लागतात. एकट्याने मोजू नका, कुणी कितीही घाई करो. एकाने मुलाच्या डोक्यामागे बसून दोन्ही हातांनी कानांवरून डोकं धरायचं, टाळू वरच्या फळीला घट्ट टेकवायची, मुलाची नजर सरळ वर हवी. अंबाडा, वेणी, टोपी आधी सोडायची. दुसऱ्याने डावा हात गुडघ्यांवर ठेवून हलक्या दाबाने पाय सरळ करायचे आणि उजव्या हाताने फळी तळव्यांना काटकोनात भिडवायची. आईला मुलाच्या नजरेसमोर बसवा. आकडा ०.१ सेंटीमीटरपर्यंत वाचा, मोठ्याने म्हणा, लिहिणाऱ्याने तो परत म्हणायचा. मूल फारच झगडत असेल तर एक पाय सरळ धरून मोजलेलं चालतं, पण दोन्ही वाकलेले कधीच चालत नाहीत.

दोन वर्षांखालचं मूल आडवं, वरचं उभं. वय नक्की नसेल तर ८७ सेंटीमीटरच्या खाली आडवं. आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटीमीटर जास्त भरते. लहानग्याला उभं करूनच मोजावं लागलं तर तेवढे मिळवायचे, मोठ्याला आडवं मोजावं लागलं तर वजा करायचे.

पहिल्या आठवड्यात तुमचे आकडे जुन्या मोजणाऱ्यांच्या आकड्यांशी जुळणार नाहीत. त्याने खचू नका. हे हाताचं कसब आहे आणि ते येतं. सर्वेक्षणाआधी दहा मुलांना प्रत्येक मोजणाऱ्याने दोन-दोनदा मोजायचा सराव असतो. तो कंटाळवाणा म्हणून टाळणाऱ्या पथकाबरोबर काम करू नये, असं माझं ठाम मत आहे. गुरू निवडायचाच तर कार्यालयात बसून तक्ते तपासणाऱ्यापेक्षा छावणीतल्या स्वयंसेविकेला धरा. कुठली आजी ताप आलेल्या नातवाला घरातच ठेवते, ते तिला माहीत असतं. फोनमधलं अ‍ॅप झेड-स्कोअर काढून देतं, गुडघा सरळ करून देत नाही. आणि बंगाली येतं म्हणजे रोहिंग्या कळेल असं धरू नका. चाटगावची बोली येणारा दुभाषा बरोबर घ्या.

वजनाचं थोडक्यात. काटा सपाट फळीवर, रोज सकाळी ठरलेल्या वजनाच्या वस्तूने तपासलेला. मूल उघडं, कमरेचे आणि गळ्यातले जड ताईत आईला विचारून बाजूला.

सूज मात्र प्रत्येक मुलाची बघायची, गुबगुबीत दिसणाऱ्याची तर आधी. दोन्ही पायांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खळगा राहिला तर दंडघेर कितीही असो, ते मूल सॅम.

पाकिटाचं: तयार उपचारात्मक अन्नाच्या (सॅम मुलांना द्यायच्या गोड पेस्टच्या) ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० किलोकॅलरी असतात. २०२३ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार सॅम मुलाला दर किलोमागे दिवसाला १५० ते १८५ किलोकॅलरी. म्हणजे सात किलोच्या मुलाला दोनाहून थोडी जास्त ते अडीचहून थोडी जास्त पाकिटं. आधी भुकेची चाचणी घ्या, म्हणजे मूल ती पेस्ट खातं का ते बघा: शांत कोपरा, आईचे आणि मुलाचे हात धुतलेले, आई स्वतः भरवणार, शेजारी पिण्याचं पाणी, अर्ध्या तासापर्यंत वेळ. खात नसेल तर स्थिरीकरण केंद्रात (मुलाला दाखल करून उपचार करतात तिथे) पाठवा, पाकिटं देऊन घरी नाही. अंगावर पिणारं मूल असेल तर आधी दूध, मग पाकीट.

वजन वाढत नसेल तर पाकीट भावंडांत वाटलं जातंय का ते विचारा, पण खडसावू नका. २०२३ मध्ये माणशी महिन्याचं रेशन १२ डॉलरवरून मार्चमध्ये १० आणि जूनमध्ये ८ डॉलरवर आलं होतं. दिवसाला २७ सेंट. अशा घरात तीन मुलांपैकी एकालाच गोड पेस्ट देणं कुठल्या आईला जमेल? तिला दोष देणारं वाक्य एकदा तोंडून गेलं की ती पुढच्या आठवड्यात येत नाही. त्यापेक्षा भावंडांचाही दंडघेर तिथल्या तिथे घ्या. जुलाब चालू आहेत का, पाणी कुठून भरतात, तेही विचारा. पावसाळ्यात कारण बहुतेकदा तिथेच सापडतं.

सूज असलेल्या मुलाचं वजन मात्र पहिल्या दिवसांत उतरतं. सुजेचं पाणी जात असतं, म्हणून घाबरून पाकिटं वाढवू नका. सूज ओसरल्यानंतरचं सगळ्यात कमी वजन कार्डावर लिहा आणि वाढ तिथपासून मोजा. सूज गेली तरी वजन उतरतच असेल, किंवा मूल खायचं थांबलं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.