रशियन जर्मनांच्या कथा, गाणी आणि म्हणी कशा टिपाव्यात, कशा जपाव्यात

1763 मध्ये सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिने जाहीरनामा काढून परदेशी लोकांना सवलती देऊन रशियात बोलावलं. जर्मन कुटुंबं आधी व्होल्गाकाठी आणि पुढे काळ्या समुद्राच्या उत्तरेला वसली. 1871 मध्ये त्यांच्या सवलती काढून घेतल्या गेल्या, 1874 मध्ये लष्करभरती सक्तीची झाली. तेव्हा हजारो लोक कॅन्सस, नेब्रास्का, डाकोटा, कॅनडा आणि अर्जेंटिनाकडे निघाले. मागे राहिलेल्या व्होल्गा जर्मनांना 28 ऑगस्ट 1941 च्या हुकमाने सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलं गेलं. गाव सुटलं, पण बोली सोबत राहिली. आज त्या बोलीत गोष्ट सांगू शकणारी बहुतेक माणसं म्हातारी आहेत. म्हणून कागदपत्रं नंतर बघा, आधी आवाज टिपा. कागद आणखी दहा वर्षं पेटीत राहू शकतो.

आधी गाव पक्कं करा. 'व्होल्गा' किंवा 'ओडेसाजवळ' एवढ्यावर भागत नाही, कारण बोली आणि गाणी गावागणिक बदलतात. गावाचं जर्मन आणि आजचं रशियन अशी दोन्ही नावं लिहा. बाल्झर आज क्रास्नोआर्मेय्स्क आहे, तर काथारिनेनश्टाट आज मार्क्स. पंथही नोंदवा: कॅथलिक, लुथेरन की मेनोनाइट. व्होल्गाकडच्या बोली बहुतांशी हेसेन आणि फाल्त्स या जर्मन प्रदेशांकडच्या, काळ्या समुद्राकडे श्वाबियन बऱ्याच, आणि मेनोनाइटांची प्लाउटडीच ही बोली तर वेगळीच. हे टिपण नसलं, की पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला ती नुसती 'कुठलीशी जुनी जर्मन' वाटते.

ध्वनिमुद्रण. रेकॉर्डरवर हे निवडा: डब्ल्यूएव्ही (आवाज न गाळता साठवणारी) फाइल, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. स्टिरिओत तासाला साधारण 1 जीबी जागा लागते, मोनोत निम्मी. नंतर एमपी3 करता येते, पण एमपी3 मधून गाळला गेलेला आवाज परत मिळत नाही. माइक तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला ठेवा. समोर धरला तर 'प' आणि 'ब' फुटतात. सर्वांत मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा, कारण गोष्टीत रंग भरला की आजीबाई एकदम आवाज चढवतात. स्वयंपाकघरात बसणार असाल तर फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली त्या फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो सुरू करायचं विसरणार नाही. सुरुवातीला तारीख, ठिकाण, सांगणाऱ्याचं नाव आणि तिची संमती तिच्याच आवाजात घ्या.

विचारायचं कसं. 'एखादी लोककथा सांगा' म्हटलं की उत्तर ठरलेलं: 'आम्हाला कुठल्या येतात?' त्याऐवजी प्रसंग विचारा. नाताळात पेल्त्सनिकेल (पोरांना घाबरवणारं केसाळ सोंग) यायचा तेव्हा अंगावर काय असायचं? साखळीचा आवाज आधी यायचा की दारावरची थाप? नववर्षाच्या सकाळी घरोघर 'व्युन्शन' करत, म्हणजे शुभेच्छांचे श्लोक म्हणत, फिरताना कोणत्या ओळी म्हणायचात, आणि हातावर काय पडायचं? हिवाळ्यात शेजारी बसायला यायचे तेव्हा बोलायचं कोण? प्रश्न शक्यतो बोलीतच विचारा. इंग्रजीत विचारलं तर उत्तर इंग्रजीत येतं, आणि इंग्रजीत गोष्टीचा नुसता सारांश हाती लागतो. प्रश्नानंतर मनातल्या मनात दहा मोजा. ती शांतता भरून काढायची घाई केली, की आठवत आलेली ओळ हमखास निसटते.

एकच गोष्ट दोघांकडून ऐका आणि दोन्ही तशाच ठेवा. मारिएनटाल गावची किर्गिझन-मिखेलची दंतकथा घ्या. स्टेपवरच्या (गवताळ माळरानावरच्या) टोळीने पळवून नेलेला हा तरुण कसा सुटतो ते सांगणाऱ्यागणिक बदलू शकतं, आणि त्यातली 'खरी' कोणती हे ठरवणं आपलं काम नव्हे. एक टीप मात्र जोडा: त्या काळी कझाकांनाही सर्रास 'किर्गिझ' म्हणत.

उतरवून काढणं. एक तास उतरवायला पाच-सहा तास सहज जातात, बोली अनोळखी असेल तर जास्तच. जे ऐकू येतं तेच लिहा. सर्वांत मोठी चूक इथे होते: शिकलेला नातू बोली 'सुधारून' पुस्तकी जर्मन करतो. व्होल्गाकडचा माणूस कलिंगडाला 'आर्बूस' म्हणतो. तो शब्द रशियन शेजाऱ्यांकडून आला, आणि त्या एका शब्दात दोनशे वर्षांचा शेजार आहे.

भाषांतर वेगळ्या रकान्यात, दोनदा करा. या लोकांची प्रसिद्ध म्हण बघा: 'देम एर्श्टन देर टोट, देम त्स्वाइटन दी नोट, देम ड्रिटन दास ब्रोट'. वसाहतीच्या तीन पिढ्या तीन तुकड्यांत. शब्दशः: पहिल्याला मृत्यू, दुसऱ्याला हाल, तिसऱ्याला भाकर. अर्थ आला, पण टोट-नोट-ब्रोटचा ठोका गेला. मग दुसरी ओळ: पहिल्याला मरण, दुसऱ्याला चणचण, तिसऱ्याला जेवण. इथे ठोका आला, पण भाकरीचं जेवण झालं. म्हणून दोन्ही ठेवायच्या.

ब्राउखे जपून. ब्राउखे म्हणजे प्रार्थना पुटपुटत, बरेचदा तीनदा, दुखणं उतरवणं. हे शब्द परंपरेने स्त्रीकडून पुरुषाला आणि पुरुषाकडून स्त्रीला दिले जातात, आणि भलत्याला सांगितले तर त्यांचा गुण जातो असं मानतात. सांगणारी नको म्हणाली तर माइक बंद. सांगितलंच, तर ते कोणाला, कधी ऐकवायचं हे तिच्याकडून लिहून घ्या आणि ती फाइल वेगळी ठेवा. हद्दपारीच्या आठवणींनाही हाच नियम. त्या खोदून काढू नका, आल्या तर मध्ये तोडू नका.

साठवण. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस, गाव आणि आडनाव असू द्या. 'आजी-नवीन-अंतिम-2' अशा नावाची फाइल पुढे कोणालाच सापडत नाही. वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून ऐका. जुने फोटो 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके), टिफ फाइलमध्ये, मागच्या बाजूसकट स्कॅन करा. मागचा मजकूर बरेचदा कुरेन्ट या जुन्या जर्मन हस्तलिपीत असतो. वाचता आला नाही तरी स्कॅन हवाच.

एक प्रत संग्रहालयाला द्या. 1968 साली स्थापन झालेली, नेब्रास्कातल्या लिंकनमधली अमेरिकन हिस्टॉरिकल सोसायटी ऑफ जर्मन्स फ्रॉम रशिया, फार्गोच्या नॉर्थ डाकोटा स्टेट विद्यापीठातला संग्रह आणि जर्मनीत डेटमोल्डचं संग्रहालय ही यासाठीची ठिकाणं. पाठवण्याआधी पत्र लिहून त्यांना कोणत्या स्वरूपात हवं ते विचारा, आणि संमतीचा कागद सोबत जोडा.

मुलांच्या तोंडी. व्युन्शनचा श्लोक यासाठी उत्तम. छोटासाच असतो: नव्या वर्षाच्या शुभेच्छा, दीर्घायुष्य, आरोग्य, शांती, एकोपा, आणि मरणानंतर चिरंतन सुख. कागदावरून पाठ करून घेऊ नका, त्याने उच्चार शाळेचा होतो. ध्वनिमुद्रणातून एकेक ओळ ऐकवा, म्हणून घ्या, मग पुढची. डिसेंबरच्या सुरुवातीला लागलात तर 1 जानेवारीला पोर आजीच्या दारात तो आजीच्याच बोलीत म्हणू शकेल. तेव्हाही रेकॉर्डर चालू ठेवा.