एका मंत्र्याविरुद्धची अविश्वासाची लढाई सभागृहात कशी लढवावी

गावच्या सरपंचावर अविश्वास ठराव आणता येतो, हे महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ग्रामपंचायत सदस्य तहसीलदारांकडे नोटीस देतात, तहसीलदार विशेष सभा बोलावतात, सभेचे अध्यक्षस्थानही तेच स्वीकारतात आणि त्या एका व्यक्तीचे पद राहते की जाते, याच एका प्रश्नावर तिथे मतदान होते. हाच अनुभव मनात धरून महाविद्यालयीन अभिरूप संसदेत उतरणारे विद्यार्थी “हे सभागृह कृषिमंत्र्यांवर अविश्वास व्यक्त करीत आहे” असा प्रस्ताव लिहून माझ्याकडे आणतात. तयारीची सुरुवात तो कागद दुरुस्त करण्यापासूनच करावी लागते, कारण लोकसभेत किंवा विधानसभेत असा प्रस्ताव दाखल करून घेतलाच जात नाही.

त्याचे मूळ राज्यघटनेत आहे. अनुच्छेद ७५(३) नुसार केंद्रीय मंत्रिपरिषद लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते आणि अनुच्छेद १६४(२) नुसार राज्याची मंत्रिपरिषद विधानसभेला. विश्वास असतो तो सगळ्यांवर मिळून आणि जातो तोही सगळ्यांवरचा. एखाद्या मंत्र्याला एकट्याला घरी पाठवण्याचा अधिकार प्रत्यक्षात पंतप्रधानांकडे किंवा मुख्यमंत्र्यांकडे असतो, सभागृहाकडे नसतो. राज्यसभेत आणि विधान परिषदेत तर अविश्वास प्रस्तावच येत नाही, कारण मंत्रिपरिषद त्या सभागृहांना जबाबदार नसते. म्हणून ज्याला एका मंत्र्याच्या कारभाराविरुद्ध उभे राहायचे आहे, त्याने आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: मला सरकार पाडायचे आहे, की या मंत्र्याला सभागृहासमोर उत्तरदायी ठरवायचे आहे? पुढची सारी वाट या उत्तरावर ठरते.

दुसरा हेतू असेल तर योग्य आयुध निंदाप्रस्ताव हे आहे. तो एका मंत्र्याविरुद्ध, काही मंत्र्यांविरुद्ध किंवा संपूर्ण मंत्रिपरिषदेविरुद्ध आणता येतो. अविश्वास प्रस्तावात कारण लिहावे लागत नाही, निंदाप्रस्तावात मात्र कारण नेमकेपणाने लिहावेच लागते. इथे बहुतेकांची पहिली चूक होते. “कृषिमंत्री शेतकऱ्यांच्या प्रश्नांबाबत असंवेदनशील आहेत, याबद्दल हे सभागृह त्यांची निंदा करते” या वाक्यात राग आहे, पण आरोप नाही. त्याऐवजी “पीक विम्याचे नुकसानभरपाईचे दावे ठरलेल्या मुदतीत निकाली काढून घेण्यात आणि मुदत मोडणाऱ्या विमा कंपन्यांवर कारवाई करण्यात कृषिमंत्र्यांना आलेल्या अपयशाबद्दल हे सभागृह तीव्र नापसंती व्यक्त करते” असे लिहिले, की मंत्र्यांना मुदतीबद्दल आणि कारवाईबद्दल बोलणे भाग पडते. एका प्रस्तावात एकच विषय ठेवावा, तो अलीकडचा असावा, न्यायप्रविष्ट नसावा आणि प्रस्तावाच्या मजकुरात विशेषणे किंवा उपरोध नसावा. निंदाप्रस्ताव मंजूर झाला तरी मंत्र्याने राजीनामा दिलाच पाहिजे असे बंधन नाही, परंतु सभागृहाने नाव घेऊन नोंदवलेली नापसंती पुसून टाकणे कोणत्याही सरकारला सोपे नसते.

लोकसभेत प्रस्ताव कोणत्या नियमाखाली चर्चेला येतो, याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. नियम १८४ खालील प्रस्ताव मतदानाला टाकला जातो, तर नियम १९३ खालील अल्पकालीन चर्चेच्या शेवटी मतदान नसते. “चर्चा तर मिळाली” एवढ्यावर समाधान मानून दुसरा मार्ग स्वीकारला, तर भाषणे होतात आणि सभागृहाचा कौल मात्र नोंदवला जात नाही. स्थगन प्रस्तावातही सरकारच्या निंदेचा अंश असतो, पण त्यासाठी विषय तातडीचा लागतो. अर्थसंकल्पी मागण्यांच्या वेळी धोरणात्मक कपात सूचना देऊन त्या खात्याची मागणी एक रुपयावर आणावी, असे म्हणता येते. मात्र ती मागणी गिलोटिनखाली गेली, म्हणजे वेळ संपल्याने चर्चेविना इतर मागण्यांबरोबर एकदम मताला टाकली गेली, तर कपात सूचनाही तिच्याबरोबर जाते.

आणि तरीही मी म्हणेन, की मंत्र्याविरुद्धचे सर्वांत धारदार हत्यार प्रश्नोत्तराच्या तासातच घडते. याचे उदाहरण १९५७ सालचे आहे. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग विकत घेतले होते. लोकसभेत हा विषय आधी प्रश्नातून आला, मिळालेल्या उत्तरांतील विसंगती एकमेकींशेजारी मांडल्या गेल्या आणि मग डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधी यांनी सत्ताधारी बाकांवरूनच आपल्याच पक्षाच्या सरकारला जाब विचारला. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांची नेमणूक झाली, मुंबईत उघड सुनावणी झाली आणि सचिवाने केलेल्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला झटकता येणार नाही, असा निष्कर्ष छगला यांनी काढला. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी फेब्रुवारी १९५८ मध्ये राजीनामा दिला. एका मंत्र्याला जावे लागले, तेही अविश्वास प्रस्तावाविना. म्हणून तयारीचे पहिले काम म्हणजे त्या मंत्र्याने गेल्या काही अधिवेशनांत दिलेली सर्व तारांकित (तोंडी) आणि अतारांकित (लेखी) उत्तरे तारखेनुसार एका वहीत उतरवून काढणे. बाहेरच्या शंभर बातम्यांपेक्षा मंत्र्याचीच दोन विसंगत उत्तरे सभागृहात अधिक वजनदार ठरतात, कारण ती नाकारण्याची सोय त्याला नसते.

आता पहिल्या हेतूकडे येऊ. मंत्र्याचा दोष इतका मोठा आहे आणि त्याला पाठीशी घालणारे सरकारही तितकेच दोषी आहे, असे वाटत असेल तर संपूर्ण मंत्रिपरिषदेविरुद्ध अविश्वास प्रस्ताव आणावा. लोकसभेत त्याची रीत नियम १९८ मध्ये दिली आहे. ज्या दिवशी प्रस्ताव मांडण्याची अनुमती मागायची, त्या दिवशी सदस्याने सकाळी दहा वाजेपर्यंत महासचिवांकडे लेखी सूचना द्यायची असते. मजकूर एका ओळीचा: हे सभागृह मंत्रिपरिषदेवर अविश्वास व्यक्त करीत आहे. अध्यक्षांना प्रस्ताव नियमानुसार वाटला, तर ते तो वाचून दाखवतात आणि अनुमती देण्याच्या बाजूने असलेल्या सदस्यांनी आपापल्या जागी उभे राहावे, असे सांगतात. मग मोजणी होते. किमान पन्नास सदस्य उभे राहिले, तर अनुमती मिळाली असे जाहीर होते आणि त्या दिवसापासून दहा दिवसांच्या आत चर्चेचा दिवस ठरवावा लागतो. पन्नासाला एक जरी कमी पडला तरी प्रस्ताव तिथेच संपतो. म्हणून सूचनेवर किती सह्या आहेत याला फारसा अर्थ नाही. त्या क्षणी आपले सदस्य उपाहारगृहात, ग्रंथालयात किंवा समितीच्या बैठकीत नसून आपल्या जागेवर आहेत, हे मुख्य प्रतोदाने पाहिले पाहिजे. अभिरूप संसदेतही हा प्रसंग उरकून टाकू नये. अध्यक्षांनी प्रस्ताव वाचणे, बाके सरकल्याचा आवाज, एकेक करून उभे राहणारे सदस्य आणि शांतपणे चाललेली मोजणी, यात संसदीय लोकशाहीचा जो अर्थ आहे, तो कित्येक भाषणांतून सांगूनही कळत नाही.

चर्चेचा खरा कस पुढे लागतो. प्रस्तावात कारण लिहिलेले नसल्यामुळे बोलण्याला विषयाचे बंधन राहत नाही आणि हेच सूचकाच्या, म्हणजे प्रस्ताव मांडणाऱ्याच्या, विरुद्ध जाते. तुम्ही पीक विम्यावर बोलाल आणि सत्ताधारी बाजू रस्ते, गॅस जोडण्या आणि परराष्ट्र धोरण यांवर उत्तर देईल. म्हणून सूचकाने आपल्या भाषणाला एकच दोरा ठेवावा आणि तो मोजक्या प्रश्नांत बांधून द्यावा. ऑगस्ट २०२३ मध्ये गौरव गोगोई यांनी प्रस्ताव मांडताना मणिपूरमधील हिंसाचाराबद्दल पंतप्रधानांना तीन प्रश्न विचारले: ते तिथे का गेले नाहीत, बोलायला जवळजवळ ऐंशी दिवस का लागले आणि मुख्यमंत्र्यांना पदावरून का हटवले नाही. चर्चा तीन दिवस चालली आणि अनेक विषयांवर फिरली, तरी ऐकणाऱ्याला ते तीन प्रश्न आठवत राहिले. राजकीय मत कोणतेही असो, मांडणीची ही शिस्त शिकण्यासारखी आहे.

एका मंत्र्याचा दोष साऱ्या सरकारच्या माथी कसा मारायचा, हा या भाषणाचा गाभा आहे. नुसते “मंत्री नालायक आहेत” म्हणून भागत नाही. तसे म्हटले तर समोरून सहज उत्तर येते, की मग त्यांच्याविषयी बोला, सरकारविषयी कशाला बोलता? इथे साखळी दाखवावी लागते. अडचण मंत्र्याला कोणत्या तारखेला कळली, त्याने मंत्रिमंडळाकडे काय मागितले, अर्थखात्याने काय नाकारले, पंतप्रधानांना पत्रे कधी गेली आणि त्यानंतरही मंत्री त्याच खात्यावर का राहिला, हे क्रमाने मांडावे. शेवटची कडी सर्वांत महत्त्वाची असते. दोष कळल्यानंतर मंत्र्याला पदावर ठेवणे हा पंतप्रधानांचा निर्णय असतो आणि तिथून पुढे त्या दोषाची जबाबदारी साऱ्या मंत्रिपरिषदेवर येते.

बोलताना काही पथ्ये कसोशीने पाळावीत. अनुच्छेद १०५ मुळे सभागृहातील बोलण्याबद्दल न्यायालयात खटला होत नाही, पण म्हणून वाटेल ते बोलता येते असे नाही. नियम ३५३ नुसार कोणावरही बदनामीकारक किंवा गुन्ह्याच्या स्वरूपाचा आरोप करायचा असेल, तर अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्याला पुरेशी आधी सूचना द्यावी लागते. ती दिली नसेल तर आरोप कामकाजातून काढून टाकला जातो आणि नेमके तुमच्या भाषणातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य इतिवृत्तात राहत नाही. न्यायप्रविष्ट बाब टाळावी. हेतूवर शंका घेण्याऐवजी कृतीवर बोट ठेवावे. उलट दिशेने एक नियम तुमच्या कामाचा आहे: मंत्री सभागृहापुढे न आलेल्या एखाद्या सरकारी कागदातून उतारा वाचून दाखवू लागले, तर नियम ३६८ चा आधार घेऊन तो कागद पटलावर ठेवण्याची मागणी करता येते. मंत्र्यांनी सार्वजनिक हिताचे कारण पुढे केले नाही, तर त्यांना तो ठेवावा लागतो. यासाठी एक सदस्य केवळ ऐकण्यासाठी बसवावा. हरकतीचा मुद्दा मात्र कार्यपद्धतीपुरताच घ्यावा. मंत्र्यांचे म्हणणे खोटे वाटले म्हणून तो घेतला तर अध्यक्ष फेटाळतात आणि मग खऱ्या हरकतीच्या वेळी तुमच्याकडे पाहत नाहीत.

सूचकाला उत्तराचा अधिकार असतो. नवख्या संघांतला सूचक आपला सगळा दारूगोळा पहिल्याच भाषणात संपवतो आणि उत्तराच्या वेळी तेच मुद्दे चढ्या आवाजात पुन्हा सांगतो. त्याऐवजी दिवसभर मंत्र्यांची उत्तरे टिपून घ्यावीत आणि शेवटी अनुत्तरित राहिलेले प्रश्न तेवढेच मांडावेत. सभात्याग करण्याआधीही हाच विचार करावा. २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या उत्तरादरम्यान विरोधकांनी सभात्याग केला आणि प्रस्ताव आवाजी मतदानाने फेटाळला गेला. सभात्यागातून निषेध दिसतो हे खरे, पण कोण कुठे उभा होता याची मतनिहाय नोंद राहत नाही आणि माझ्या मते ही नोंद निषेधापेक्षा मोलाची आहे.

मतदान मागितले, की लोकसभेत साडेतीन मिनिटे घंटा वाजते, लॉबी मोकळ्या केल्या जातात आणि दारे बंद होतात. त्यानंतर आत येता येत नाही. उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या साध्या बहुमताने निकाल लागतो. पक्षादेश निघालेला असेल, तर त्याविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्व घटनेच्या दहाव्या अनुसूचीखाली, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदीखाली, जाऊ शकते, म्हणून १९८५ नंतर समोरच्या बाकांवरची मते वळवण्याची आशा धरणे व्यर्थ आहे. वळू शकतात ते लहान मित्रपक्ष. १९९३ मध्ये नरसिंह राव यांचे सरकार २५१ विरुद्ध २६५ मतांनी वाचले, ते अशाच काठावरच्या मतांमुळे.

हरणार हे माहीत असूनही प्रस्ताव का आणावा, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. लोकसभेत आजवर एकही अविश्वास प्रस्ताव मंजूर झालेला नाही. १९६३ मधला आचार्य कृपलानींचा पहिला प्रस्ताव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला, पण चीनविरुद्धच्या युद्धातील पराभवानंतर नेहरूंच्या सरकारला चार दिवस, एकवीस तासांहून अधिक वेळ सभागृहात बसून ऐकावे लागले आणि उत्तर द्यावे लागले. जुलै १९७९ मध्ये विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी मोरारजी देसाई यांच्या सरकारविरुद्ध प्रस्ताव मांडला, तेव्हा तर मतदानाची वेळच आली नाही. चर्चा पुरी होण्याआधीच देसाईंनी राजीनामा दिला.

निकालानंतर एक काम उरते आणि ते बहुतेक जण विसरतात. उत्तराच्या भाषणात मंत्री “माहिती घेऊन सभागृहासमोर ठेवू”, “या प्रकरणाची चौकशी करू” अशी वाक्ये बोलून गेलेले असतात. दुसऱ्या दिवशी इतिवृत्त काढून त्यातली अशी प्रत्येक ओळ अधोरेखित करावी. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांच्या काळात, १९५३ मध्ये, अशा शब्दांचा पाठपुरावा करण्यासाठी शासकीय आश्वासन समिती स्थापन झाली आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरे करावे, अशी तिची रीत आहे. ती तारीख वहीत लिहून ठेवावी आणि त्या दिवशी आश्वासन पुरे झालेले नसेल, तर त्याच मंत्र्याला पुढच्या अधिवेशनासाठी पहिला तारांकित प्रश्न द्यावा.