समुद्री शेवाळातलं आर्सेनिक: तपासताना आणि खाताना या चुका टाळा

सुशीला गुंडाळतात त्या नोरी या शेवाळाचा अहवाल येतो: आर्सेनिक 25 मिलिग्रॅम प्रति किलो. वाचणारा दचकतो आणि पाकीट थेट कचऱ्यात जातं. एकूण आर्सेनिकवरून निकाल देणं ही सगळ्यात मोठी चूक. नोरी, कोंबू, वाकामे या खाद्य शेवाळांतलं बहुतेक आर्सेनिक आर्सेनोशर्करांच्या, म्हणजे साखरेच्या रेणूला जोडलेल्या, रूपात असतं. त्या पूर्ण निर्धोक आहेत असं मी म्हणणार नाही, पण कर्करोगाशी पक्कं नातं सिद्ध झालंय ते असेंद्रिय, म्हणजे कार्बनशी न जोडलेल्या, आर्सेनिकचं.

आणि ते भरलेलं असतं हिजिकीत. चहाच्या पत्तीसारखी दिसणारी ही काळी, वाळकी शेवाळं. 2004 मध्ये ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेला हिजिकीच्या प्रत्येक नमुन्यात असेंद्रिय आर्सेनिक सापडलं, बाकीच्या जातींत नाही. हिजिकी खाऊच नका, असा सल्ला तिने दिला. म्हणून नमुन्यावर नुसतं ‘समुद्री शेवाळ’ लिहून पाठवू नका. जात लिहा आणि ‘असेंद्रिय आर्सेनिक’ असं स्पष्ट मागा.

प्रयोगशाळेतली चूक जास्त फसवी असते. एचपीएलसी-आयसीपी-एमएस हे यंत्र आर्सेनिकची रूपं एका स्तंभातून वेगळी करून मोजतं. असेंद्रिय आर्सेनिकची रूपं दोन, त्रिसंयुजी आणि पंचसंयुजी. त्रिसंयुजी स्तंभातून लवकर बाहेर पडतं, आणि नेमकी त्याच सुमाराला एखादी आर्सेनोशर्कराही. दोघांचं मिळून एकच शिखर दिसतं आणि असेंद्रियाचा आकडा उगाच फुगतो. उपाय सोपा आहे: नमुन्याचा अर्क काढतानाच हायड्रोजन पेरॉक्साइड घाला. सगळं त्रिसंयुजी पंचसंयुजी होतं, उशिरा आणि वेगळं निघतं. शेवाळ खारट, त्यामुळे क्लोरीन आणि आर्गॉन मिळून बरोबर 75 वस्तुमानाचा आयन बनतो, म्हणजे आर्सेनिकचाच सोंगाड्या. असे सोंगाडे आयन अडवणारी यंत्रातली हेलियमची टक्कर-कोठडी चालू आहे ना, ते बघा. पद्धत पडताळायला तांदळाचं पीठ वापरू नका, त्यात आर्सेनोशर्करा नसतात. जपानच्या एनएमआयजे या राष्ट्रीय मापन संस्थेची प्रमाणित हिजिकी पूड मिळते, ती वापरा.

मर्यादांची तुलनाही जपून करा. शेवाळातल्या असेंद्रिय आर्सेनिकसाठी फ्रान्सची मर्यादा किलोमागे 3 मिलिग्रॅम, ऑस्ट्रेलियाची 1. मग ऑस्ट्रेलिया कडक वाटतं. पण फ्रान्सचा आकडा कोरड्या वजनावर आहे, ऑस्ट्रेलियाचा 85 टक्के पाणी धरून. कोरड्यात मांडला तर तो साडेसहाच्या वर जातो! तसंच असेंद्रिय आर्सेनिकची आठवड्याला शरीराच्या किलो वजनामागे 15 मायक्रोग्रॅम ही जुनी सुसह्य (शरीर सहन करेल अशी मानलेली) मात्रा अजून अनेक जण वापरतात. ती 2010 मध्येच मागे घेतली गेली.

जपानमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या डब्यात हिजिकी येतेच. तिथल्या कृषी मंत्रालयाच्या माहितीनुसार अर्धा तास भिजवून पाणी ओतून दिलं की असेंद्रिय आर्सेनिक साधारण निम्म्याने घटतं. पाण्यात उकळून ते पाणी टाकलं तर 80 टक्के. ते तपकिरी पाणी चवीसाठी भाताला किंवा आमटीला वापरलं, की काढलेलं सगळं परत ताटात. लहान मुलांना आणि गरोदर बाईला तर हिजिकी देऊच नये, असं मला ठामपणे वाटतं.

आणि लघवीची आर्सेनिक तपासणी करायची असेल, तर आधीचे तीन-चार दिवस शेवाळ आणि मासळी बंद ठेवा. आर्सेनोशर्करांचं शरीरात डायमिथाइल आर्सेनिक आम्ल होतं आणि तेच असेंद्रिय आर्सेनिकपासूनही बनतं. सुशी खाऊन दुसऱ्या दिवशी नमुना दिला, तर डॉक्टरांना त्यातला फरक कळायला मार्गच उरत नाही.