मुलाच्या पोटात पट्टकृमी असल्याची शंका आल्यास काय करावे

राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत किंवा अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी चघळली की मुलाच्या पोटातले सगळे जंत गेले, असा समज गावोगाव आढळतो. २०१५ पासून १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी चालणारी ही मोहीम मातीतून पसरणारे गोल जंत, अंकुशकृमी आणि चाबूककृमी यांच्यासाठी आहे; चपट्या, फितीसारख्या पट्टकृमींसाठी त्या एका गोळीवर भिस्त ठेवता येत नाही. गोळी जरूर द्यावी, पण त्यानंतरही तक्रारी राहिल्यास पुढील तपासणी करून घ्यावी.

प्रथम शौचाकडे नीट लक्ष द्यावे. रात्री गुदद्वाराशी खाज सुटून बारीक दोऱ्यासारखे वळवळणारे जंत दिसले तर ते बहुधा सुतकृमी असतात. पट्टकृमीचे तुकडे पांढरे व चपटे असून ते विष्ठेत, क्वचित चड्डीतही सापडतात. असा तुकडा उघड्या हाताने न उचलता, हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून झाकणाच्या डबीत घ्यावा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा. मात्र मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा बुटका पट्टकृमी जेमतेम दीड ते चार सेंटिमीटर लांबीचा असतो व त्याचे तुकडे सहसा दिसत नाहीत. पोटदुखी, मंदावलेली भूक, पातळ शौच, चिडचिड एवढीच लक्षणे असू शकतात, किंवा काहीच नसतात. गोड खाल्ल्याने जंत होतात, ही समजूत निराधार आहे; गूळ बंद करून काही साधत नाही.

निदान शौचाच्या तपासणीनेच होते. नमुना कोरड्या, स्वच्छ डबीत घ्यावा, त्यात लघवी मिसळू देऊ नये, आणि तो लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा. अंडी रोजच पडतात असे नाही, म्हणून एक नमुना निर्दोष आला तरी डॉक्टर वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने मागू शकतात.

उपचारासाठी प्राझिक्वांटेल किंवा निक्लोसामाइड वापरतात आणि मात्रा मुलाच्या वजनावर व कृमीच्या जातीवर ठरते. ही औषधे दुकानातून परस्पर आणून देऊ नयेत. डुकराच्या पट्टकृमीची अंडी पोटात गेली तर त्यांतील अळ्या मेंदूत गाठी करून बसू शकतात, आणि अशा मुलाला औषध दिल्यास त्या गाठींभोवती सूज येऊन फिट येण्याचा धोका असतो. म्हणून मुलाला पूर्वी कधी फिट आली असेल किंवा वारंवार डोके दुखत असेल, तर औषधाआधीच डॉक्टरांना सांगावे. फिट आलीच तर मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये, आणि फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर तातडीने रुग्णालयात न्यावे.

मेंदूतल्या गाठी डुकराचे मांस खाणाऱ्यांनाच होतात, हा गैरसमज येथे दूर करायला हवा. डुकराचे कच्चे मांस खाल्ल्याने आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूतल्या गाठी मात्र माणसाच्या विष्ठेतील अंड्यांपासून होतात, त्यामुळे शुद्ध शाकाहारी घरातले मूलही सुरक्षित नसते. कोबीतल्या हिरव्या अळीचा याच्याशी काही संबंध नाही. उघड्यावरची विष्ठा मिसळलेल्या पाण्याने किंवा मातीने भाजी दूषित होते, हे खरे कारण आहे.

त्यामुळे कोथिंबीर, गाजर, काकडी अशी कच्ची खाण्याची भाजी वाहत्या पाण्याने चोळून धुवावी. पिण्याचे पाणी उकळावे, कारण क्लोरीनच्या थेंबांना ही अंडी दाद देत नाहीत. मांस आतपर्यंत पूर्ण शिजवावे. बुटक्या पट्टकृमीची अंडी बाहेर पडताक्षणी दुसऱ्याला बाधू शकतात, शिवाय तेच मूल स्वतःच्या अस्वच्छ हातांनी पुन्हा बाधित होते. म्हणून शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची, नखे कापण्याची आणि संडासच वापरण्याची शिस्त घरातल्या सर्वांनी पाळावी. धान्यातील किड्यांतूनही हा कृमी येऊ शकतो, तेव्हा धान्य निवडून, चाळून घ्यावे. घरात आणखी कोणाला त्रास असल्यास त्याचीही तपासणी करावी, आणि औषधानंतर साधारण महिन्याने मुलाचे शौच पुन्हा तपासून घ्यावे. बुटक्या पट्टकृमीत कधी कधी औषध दुसऱ्यांदा द्यावे लागते.